डाव्या दाराची पट्टी

अंबादास मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी चपला काढत. देवळाबाहेर काढतात तशा, बाजूला, जोडीनं. मग टपावर हात ठेवून विचारत, "येऊ का?" गाडी अर्थातच काही बोलत नसे. तरी मिस्त्री थांबत. एखाद्या दिवशी मान हलवून म्हणत, "आज न्हाय म्हणती," आणि चपला घालून चहाला जात. गिऱ्हाईक कपाळाला हात लावून बसे.

उमरग्यात हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, मागं लागूनच घर. मी तिथल्या एका सहकारी संघात कारकून. संघाची एक जुनी अँबॅसडर होती, ती चेअरमनच्या बुडाखाली आणि माझ्या डोक्यावर असे. म्हणजे बसायचे ते, आणि बिघडली की बोलणी मला.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. विहिरी कोरड्या पडलेल्या, अर्धा तालुका खडी फोडायला गेलेला, आणि अशात वरून निरोप आला की सोमवारी मोठे साहेब पाहणीला येणार आणि संघाच्या गाडीतून फिरणार. चेअरमननी लगेच फर्मान काढलं, गाडी पांढरीशुभ्र रंगवा. दुष्काळ दाखवायला गाडी चकचकीत कशाला लागते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रंग द्यायचा तर खिडक्यांच्या बाहेरच्या चमकत्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात. पट्टी एकदा वाकली की कामातून गेली, दुसरी सोलापुरातही मिळायची नाही. चेअरमननी मला बजावून सांगितलं, एका जरी पट्टीला पोचा दिसला तर त्या मिस्त्र्याला संघाचं काम कायमचं बंद. त्या साली बाकीच्यांच्या गाड्या उभ्याच होत्या. संघाचं काम गेलं असतं तर मिस्त्रींना खडीवरच जावं लागलं असतं. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तरी या माणसाला घाई म्हणून नाही.

गुरुवारी मी मदत म्हणून खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून पुढं केला. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी गाडीचा आरसाच झाकला.

"भाऊसाहेब, ते पिशवीत घाला आधी. बघूनच आकसून बसती बिचारी."

त्यांचं हत्यार म्हणजे बाभळीचं लाकडी उलथणं, एका बाजूनं तासून पातळ केलेलं. ते मूळचं चुलीजवळचं, त्यामुळं दुपार झाली की मिस्त्रीणबाई दारातून हाक मारत, पिठलं बुडाला लागतंय, उलथणं द्या. की काम बंद. आमच्या संघाच्या गाडीचं नशीब त्या बाईच्या पिठल्यावर अवलंबून होतं.

त्यात गुरुवारचा अख्खा दिवस त्यांनी गाडी नुसती उन्हात ठेवली. मी चिडून विचारलं, हे काय वाळवण घातलंय का? तर म्हणे पट्टीखालचं रबर मऊ पडू द्या.

"एरवी कढत पाण्याचा फडका ठेवतो म्या. औंदा माणसाला प्यायला न्हाय, हिला कुठलं देऊ? ऊन मात्र लई हाय."

शुक्रवारी लागला एकदाचा हात. आधी रंगावर जुन्या धोतराची घडी ठेवली, ओरखडा उठू नये म्हणून. मग मागच्या कोपऱ्यातून उलथण्याचं टोक आत सारलं, तांदळाएवढी पट्टी उचलली आणि सोडून दिली. पट्टी धरून ठेवणाऱ्या पुढच्या क्लिपेपाशी गेले, तिथंही तांदळाएवढीच. अशी टोकापर्यंत जाऊन परत पहिल्यापासून सुरुवात. एका जागी जोर लावला की पट्टी वाकते, म्हणून हा सगळा खटाटोप. तोंडानं सारखं चालू, "उठा बाई. उठा. व्हय, तिथंच दुखतंय, म्हाईत हाय मला." मी नुसता हात पुढं केला तरी म्हणत, "वढायचं न्हाय. सुटू द्यायचं." दिवसातून चाळीस वेळा हेच ऐकून माझे कान किटले.

निघालेली पट्टी ते लिंबाखाली वाकळेवर ठेवत, पाठीवर खडूनं खूण करून. धूळ नको म्हणून वरून दुसरी वाकळ. आणि मग, "हळू बोला, निजल्यात." आमचा ड्रायव्हर मोठ्यानं शिंकला तर त्याला त्यांनी रस्त्यापलीकडं काढून दिलं. संध्याकाळी खुद्द चेअरमन बघायला आले. दिवसभराच्या सवयीनं मी ओठांवर बोट ठेवलं, तर तेही चवड्यांवर चालत आले आणि माझ्या कानात विचारलं, कुठवर आलंय? संघाच्या सभेत हा माणूस भिंती हादरवायचा.

शनिवारी दुपारपर्यंत तीन दारं झाली. राहिलं मागचं डावं. आणि तिथं मिस्त्री अडले. चहा झाला, तंबाखू झाली, चपला चार वेळा निघाल्या आणि चार वेळा पायात गेल्या. प्रत्येक वेळी तेच, न्हाय म्हणती. रविवारी रंग, सोमवारी साहेब. माझं डोकं फिरलं. मी तरातरा त्या दारापाशी गेलो आणि बघतो तर काय, पट्टी आधीच वाकलेली. मधोमध, हाताच्या पंजाएवढी, बाहेर ओढल्यासारखी. मळक्या गाडीवर ते इतके दिवस कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. मी लाकडी हातोडा उचलला, म्हटलं ठोकून सरळ करू. मिस्त्रींनी पट्टीवर हात ठेवला.

"ती तशीच ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब."

"अहो, काम जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

मग ते तिथंच मातीत बसले आणि खाली बघून बोलू लागले. गेल्या साली त्यांच्या शांताचं लग्न झालं, आळंदला दिली. पाठवणीसाठी चेअरमननी हीच गाडी दिली होती. शांता या खिडकीपाशी बसली होती.

"ड्रायव्हरला वाटलं, म्या हात सोडला. म्या सोडला नव्हता. नाक्यापतोर पळालो." मग म्हणाले, "जलमात एकच पट्टी वाकवली म्या. तीबी वढली म्हणून."

यंदा पंचमीला शांता आली नव्हती. घरात घागरभर पाणी नाही, तिला कशाला हाल, म्हणून मिस्त्रींनीच येऊ नको असा निरोप धाडला होता. तीन दिवस मी या माणसावर करवादत होतो, त्याची मला लाज वाटली. मी हातोडा ठेवून दिला आणि म्हटलं, चेअरमनचं मी बघतो. ती पट्टी त्यांनी कशी काढली ते मी बघितलं नाही. पाठ फिरवून उभा राहिलो.

रविवारी रंग झाला, सोमवारी पहाटे वाकासकट पट्टी जागेवर बसली. रंग मात्र पुरता वाळला नव्हता. दिवसभर मी त्या डाव्या दाराचा पहारा केला. जळकोटला गाडी थांबली, मी आधी उतरून दाराला टेकलो. लोहाऱ्यात तेच. साहेबांना उतरायचं असलं की पट्टीवर आडवा हात टाकून मीच दार उघडायचो. साहेब खूश होऊन चेअरमनना म्हणाले, असा अदबशीर माणूस ठेवलात, छान. चेअरमननी माझ्याकडं असं पाहिलं, की हा कधीपासून शहाणा झाला.

साहेब गेल्यावर चेअरमननी गाडी मुद्दाम गॅरेजकडं घ्यायला लावली. मी पुन्हा दाराला चिकटून उभा. त्यांनी गाडीला फेरी मारली, माझ्यापाशी आल्यावर बाजूला हो म्हणाले. मी म्हटलं, उन्हानं चक्कर येतीय. मग अर्धा तास तिथंच उभं राहून ते मिस्त्रींची तारीफ करत राहिले. एक पोचा नाही म्हणाले, यापुढं संघाचं सगळं काम तुमच्याकडंच. आणि चालत घरी गेले.

आता मी निघायला गेलो, तर निघेना. सदरा पाठीकडून दाराला गच्च चिकटला होता. मी हिसका देणार, इतक्यात मिस्त्री पुढं आले. त्यांनी चपला काढल्या, बाजूला, जोडीनं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"येऊ का?"

मी मान डोलावली. त्यांनी उलथण्याचं टोक सदरा आणि दार यांच्यामध्ये सारलं.

"वढू नका, भाऊसाहेब. सुटू द्या."

सदरा तांदळातांदळानं सुटत होता. आतून मिस्त्रीणबाई पिठल्यासाठी हाका मारत होत्या. मिस्त्रींचा दुसरा हात खिडकीच्या पट्टीवर होता, पंजा त्या वाकात बरोबर बसला होता. मग मीही घाई केली नाही.