खेळातलं सुतक

माझा शिपाई रविवारी मेला आणि सोमवारी सकाळी नाना चौधरी पांढरी टोपी घालून आमच्याकडे बसायला आले. बायकोनं दार उघडलं. "वाईट झालं," एवढंच म्हणून ते सतरंजीवर टेकले. ती घाबरून आत धावत आली. "अहो, कोण गेलं?" आता तिला काय सांगणार? गेला होता तो माझा खेळातला शिपाई, रेड्यानं शिंग मारल्यामुळे.

नाना आमच्या बुऱ्हाणपूरच्या कोर्टात रीडर होते, न्यायाधीशांपुढे खटल्यांचे कागद ठेवणारे. काही वर्षांपूर्वी मुलानं त्यांना पुण्याहून एका खेळाचा डबा पाठवला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्यांच्या माडीवर आम्ही जमतो. मी, मेडिकलवाला सुनील आणि शाळेतल्या रेखाताई. नाना गोष्ट सांगतात. आपण त्यातलं एकेक माणूस व्हायचं आणि 'मी आता असं करतो' म्हणायचं. जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट घडते जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यांत. गावाखाली मोगलांच्या काळचे तसलेच बोगदे असलेल्या बुऱ्हाणपूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

सगळं आयुष्य कोर्टात गेलेलं, त्यामुळे एकदा घडलेलं नाना बदलू देत नाहीत. एका उन्हाळ्यात मी गोष्टीतल्या पुजाऱ्याला थाप मारली होती. दिवाळीनंतर त्याच पुजाऱ्यानं मला प्यायला पाणी दिलं नाही. सुनील दापोऱ्याला लग्नाला गेला की त्याच्या चोराला ताप येतो, आणि पुढच्या रविवारी नाना काळजीनं विचारतात, "आता बरं आहे ना?" भांडणांचाही नियम आहे. पात्रं कितीही भांडोत, उठताना माणसांनी एकमेकांना चहा ओतून द्यायचा. "ते भांडले, त्यांचं ते पाहतील. तू काहून तोंड फुगवी राहिला?"

आणि मेलेलं पात्र परत येत नाही. त्याचं दहा दिवस सुतक. खेळ बंद, नानांची दाढी बंद, गोडधोड बंद. सुनील एकदा अशा दिवसांत मावा जिलबी घेऊन आला, तर नानांनी पुडा जिन्यातूनच परत पाठवला. आम्ही मागाहून पोट धरून हसलो.

मग रेखाताईंची वैद्यबाई गेली. बोगद्यात पाणी चढत होतं, ती दोराला लटकलेली, आणि दोर वरून धरला होता सुनीलच्या चोरानं. पाणी चोराच्याही पायाशी आलं तसा सुनील म्हणाला, "मी दोर सोडतो." ताईंनी तीन वर्षं जपलेली बाई होती ती. चहा न ओतताच त्या उठल्या. "मला नाही खेळायचं यापुढे."

सुनील वरमला. "नाना, खतम करो ना. ते सपनं होतं असं सांगून द्या. ताई परत येतील."

ताई गेल्या तर खेळ मोडणार हे उघड होतं. माझा आणि सुनीलचा रविवार कसाही गेला असता, नानांचा जाणार नव्हता. तरी ते म्हणाले, "ऐसा नहीं चलेगा, भाऊ. तिचं मरण खोटं म्हटलं तर ती जगली तेही खोटंच की."

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा तिघांना गच्चीवर बोलावलं. रेखाताई आल्या, पण शेवटचं येतेय असं सांगून. कठड्यावर पत्रावळीत भाताचा पिंड ठेवलेला. "घाटावर खऱ्या लोकांची गर्दी राहते," नाना म्हणाले, "म्हणून इथं." समोरच्या तारेवर कावळे बसले होते, पण खाली येईनात.

"तिचं काहीतरी राहिलं असेल. बोला."

मी हसू दाबत होतो. सुनील पुढे झाला. "वैद्यबाई, तुमचे पेशंट मी पाहीन." मेडिकलवाल्याच्या तोंडी ते शोभलंही, पण कावळा हलला नाही. मग तो ताईंकडे वळला. "दोर खांबाला बांधता आला असता, ताई. मी घाई केली. चुकलं माझं." ताईंनी नुसती मान हलवली. कावळे तिथेच.

तेव्हा नाना कठड्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मला येऊ दिलं नाही गं. नाहीतर आलो असतो."

हे वैद्यबाईला नव्हतं. नानांची बायको, आमच्या काकू, लॉकडाऊनमध्ये इंदूरच्या दवाखान्यात वारल्या. नाना इथं अडकलेले, मुलगा पुण्यात. अग्नी परक्यांनी दिला. दहावा झालाच नाही. नानांकडे बसायलाही तेव्हा कोणी जाऊ शकलं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्यांच्या सुतकाला हसत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

रेखाताई नानांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पदर सावरून त्यांनी हात जोडले. "काकू, आम्ही दर रविवारी येऊ. नानांना एकटं नाही ठेवणार."

"मी पण," सुनील म्हणाला. मीही हात जोडले.

कावळा केव्हा शिवला ते आम्हाला कळलं नाही. आम्ही सगळे नानांकडे बघत होतो.