अकरा जणांचं ताट

"हात लावू नको माय, फोटो राह्यला!" पुष्पांजली ओरडली. झुंबरबाईंचा काकडीकडे गेलेला हात हवेतच थांबला.

नववीतल्या अकरा मुलांना एका संस्थेने मोबाईलवरच्या आरोग्य कार्यक्रमात घेतलं होतं. एकवीस दिवस रोज हिरव्या भाजीच्या ताटाचा फोटो आणि अर्धा तास पळाल्याची नोंद पाठवायची. पहिल्याला पळायचे बूट. पुष्पांजली आजवर चपला हातात धरून पळत आली होती. बूट तिला हवेच होते.

पळणं सोपं होतं, अडचण ताटाची होती. गावाभोवती नजर पोचेल तिथवर हिरवंगार, पण सगळी बीटी कपाशी. तणनाशकाने बांधावरचा तांदुळजाही गेलेला. माणसाने खावं असं पान डोणगावच्या बाजारातच मिळे.

तेवढ्यात मैत्रीण मलिहा दारात आली. "पुष्पे, अम्मीनं आज बेसन केलं व. तुह्यं ताट दोन मिनिटं दे ना. खात नाही, फोटोच काढते."

ताट गेलं. मलिहाकडून दीपककडे, तिथून पुढे. परत आलं तेव्हा पालकाने मान टाकली होती. दुसऱ्या दिवसापासून ताटाचं वेळापत्रकच लागलं. चौथ्या दिवशी काकडी मऊ पडली, तेव्हा तिची चांगली बाजू वर ठेवायची असं सर्वानुमते ठरलं.

एकविसाव्या दिवशी, निकाल लावायला बसलेल्या संस्थेच्या ताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"पुष्पांजली, सगळ्यांच्या ताटावर एकच नाव कसं गं?"

तिने ताट पाहिलं. काठावर कोरलेलं होतं: 'गोजरबाईकडून सप्रेम भेट'. आईच्या लग्नातलं ताट.

"म्हणजे या गोजरबाई रोज अकरा मुलांना जेवू घालतात!" ताई भारावून म्हणाल्या. "आणि कुणी बोललातही नाही! बूट त्यांनाच. सोमवारी मी स्वतः येते जेवायला."

शेजारच्या सत्तरीच्या गोजरबाईंकडे बूट पोचले. पुष्पांजलीने त्यांच्यापुढे बसून सगळं कबूल केलं.

"म्या अकरा जणाइले जेऊ घातलं?"

"हाव, आजी."

"एकवीस दिवस?"

"हाव."

"अन् मले कोणी जेवाले बलावलं बी नाही?"

गोजरबाईंनी बूट उलटेपालटे करून पाहिले. "सोमवारी थे बाई येईन, अन् माह्या घरी नुसता ठेचा सापडीन. पाय कर इकडं."

बूट बोटभर मोठे निघाले. आजींनी पुढे कापूस कोंबला, नाड्या करकचून बांधल्या. पुष्पांजलीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिच्या हातात पिशवी पडली.

"पळ डोणगावले. अकरा जणाइचा पालक आन. उद्याबी, परवाबी. एकदा नाव झालं ना पोरी, मंग सैपाक करावाच लागते."