डाव्या बाजूचा नारळवाला

उपेंद्र गर्गेच्या पंचवटीतल्या घरात जेवणाच्या टेबलावर वर्षभर कोणी जेवलं नव्हतं. टेबलावर इंजिन उभं होतं. मनमाड शेडच्या ८२१४ नंबरच्या वाफेच्या इंजिनाची ही हातभर लांबीची प्रतिकृती उपेंद्रने पितळी पत्रा, तेलाचे डबे आणि सायकलचे छर्रे जमवून स्वतः घडवली होती. घरची माणसं जमिनीवर पानं मांडून जेवायची आणि इंजिन वर ऐटीत बसायचं.

लहानपणी मामाकडे मनमाडला गेल्यावर उपेंद्रने हे इंजिन यार्डात डबे ढकलताना पाहिलं होतं. त्याच्या शिट्टीला घाबरून तो मामाचा हात सोडून पळाला होता आणि मोठेपणी विमा कचेरीत चिकटल्यावर त्याच शिट्टीच्या मागे लागला होता. खरं इंजिन केव्हाच भंगारात गेलं होतं. त्याच्या उजव्या बाजूचा एक स्वच्छ फोटो कुणा हौशी परदेशी पाहुण्याने काढलेला मिळाला, म्हणून मॉडेलची उजवी बाजू अगदी नटबोल्टांसकट तयार होती. डावी बाजू मात्र कोरी. दिवाळीत पुण्याला मॉडेलांचं प्रदर्शन होतं, उपेंद्रने नाव दिलं होतं आणि आता गणपतीही उठले होते.

"मग कोरी बाजू भिंतीकडे करून ठेवा," त्याची बायको सुमेधा म्हणाली. "लोक काय मागे जाऊन बघणारेत?"

"लोकांचं जाऊ दे. मला माहीत असेल ना!"

"तुम्हाला तर माळ्यावरची गळतीही माहीत आहे. तिचं काय केलंत?"

यावर उपेंद्रने डाव्या बाजूच्या फोटोसाठी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. तिला एकच उत्तर आलं, नाशिकरोडहून. मनमाड शेडचे निवृत्त फोरमन सावळीराम खैरनार यांनी फोन करून सांगितलं, "एक नाही, पाच फोटो आहेत. डाव्या बाजूचेच. या."

उपेंद्र स्कूटर पिटाळत गेला. पाचही फोटो पाहून त्याचा चेहरा पडला. इंजिन होतं, पण झेंडूखाली होतं. माळा, केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, आणि जिथे फुलं नव्हती तिथे माणसं.

"काका, नुसत्या इंजिनाचा एखादा नाही का?"

"नुसत्या इंजिनाचा फोटो कशाला काढेल कोणी?" खैरनारांना प्रश्नच कळेना. "फोटो काढायचा तो खंडेनवमीला. इंजिनाची पूजा झाली की सगळा स्टाफ उभा राहायचा. उजवीकडे शेडची भिंत, म्हणून पूजा कायम डावीकडून. फोटोवाला दरवर्षी त्याच पाण्याच्या टाकीला पाठ टेकून फोटो काढायचा."

"तरी हे नेतो. परत कधी आणून देऊ?"

"कशाला? थोरला परदेशात, धाकटी सून अडगळ म्हणते. फोटोवाल्याचा स्टुडिओ गेला, निगेटिव्ह गेल्या. घेऊन जा तुम्ही, निदान तुमच्या कामाला येतील."

घरी येता येता उपेंद्रच्या डोक्यात वीज चमकली. फोटो पाच वेगवेगळ्या वर्षांचे, पण जागा एक, अंतर एक. माळा दरवर्षी वेगळीकडे लोंबत होत्या, साहेब दरवर्षी बदलत होते. एका साली घुमट दिसत होता, दुसऱ्या साली मागचं चाक. प्रत्येक फोटोतलं इंजिन तेवढं कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवलं, तर पुरी डावी बाजू उभी राहणार होती! उपेंद्रने ब्लेड काढलं. आधी झेरॉक्स काढावी आणि ती कापावी, ही अक्कल त्याला नंतर आली. अक्कल नेहमी मागच्या गाडीनेच येते.

त्याने फुलं कापली, फेटे कापले, साहेब कापले. संध्याकाळपर्यंत फरशीवर माणसांचा खच पडला. सुमेधा केरसुणी घेऊन उभी राहिली.

"ही माणसं टाकू का?"

"टाक. मला इंजिन हवंय, माणसं काय करायचीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं घंटागाडीत गेली.

पुठ्ठ्यावर इंजिन उमटत गेलं. चाकं आली, दांडे आले, ड्रायव्हरची खिडकी आली. एक जागा काही केल्या भरेना. पुढच्या चाकाच्या वर, जिथे पंप आणि त्याच्या नळ्या असायच्या, नेमका तिथेच पाचही फोटोंत एक माणूस उभा होता. डोक्याला टापशी, उजव्या हातात उंच धरलेला नारळ. साहेब आले नि गेले, हा बाबा जागचा हलला नव्हता. कापून कापून पुठ्ठ्यावर त्याच्या आकाराचं पांढरं भोक तेवढं उरलं. उपेंद्र त्याला नारळवाला म्हणू लागला, आणि जेवताना शिव्याही घालू लागला.

"मेल्याला दुसरीकडे उभं राहता येत नव्हतं? एक पाऊल सरकला असता तर पंप दिसला असता!"

"त्यांना काय माहीत तुम्ही जन्माला आलायत ते," सुमेधा म्हणाली आणि त्याला आमटी वाढली.

शेवटी त्याने खैरनारांना फोन लावला.

"तो ना? झुंबर. आमच्या शेडचा खलाशी, कोळसा उपसणारा," खैरनार हसले. "नारळ फोडायचा मान त्याचा. एकदा मोठे साहेब म्हणाले, आज मी फोडतो. तर हा म्हणतो, 'फोडा की, पण मग इंजिन चालू व्हायची गॅरंटी नाय.' साहेब मुकाट्याने बाजूला झाले! गेल्या साली वारला बिचारा. बायको असते चांदवडच्या अलीकडे, मळ्यात. कुसाबाई."

उपेंद्रने हिशेब मांडला. फोटोची एवढी हौस असलेल्या माणसाच्या घरी फोटोंची पेटीच असणार. तीत एखादा तरी नुसत्या इंजिनाचा निघेल. रजा टाकून, पुठ्ठा कापडी पिशवीत घालून त्याने चांदवडची एसटी पकडली.

कुसाबाई कांद्याच्या चाळीपुढे सडके कांदे निवडत बसली होती. रेल्वेचं नाव काढताच तिने बाजेवर घोंगडी टाकली आणि चहा ठेवला.

"मावशी, झुंबरभाऊंचे शेडमधले फोटो असतील ना?"

"आमच्याकडं कुठला फोटो, दादा?" ती म्हणाली. "एक मतदानाच्या कार्डावर हाय. त्यात ते नायच, दुसराच कोणी काळा बाप्या वाटतो. पण फोटोचा नाद लय! दर खंडेनवमीला घरी आले की सांगायचे, औंदा बी फोटो निघाला, मी पुढंच व्हतो. म्या म्हणायचे, मला कधी दावता? तर म्हणायचे, साहेबाकडं हाय, मागून आणतो. मागायची लाज वाटायची त्यांना. तसेच गेले."

उपेंद्रने कप खाली ठेवून पिशवी जवळ ओढली.

"तुमाला कुठं गावला का त्यांचा फोटो?" कुसाबाई पुढे सरकली. "त्या पिशवीत काय हाय?"

पिशवीत काही नाही, असं म्हणता आलं असतं. नंतर कित्येकदा उपेंद्रला वाटलं की तसं म्हणायला हवं होतं. पण त्या क्षणी त्याला खोटंही सुचलं नाही. त्याने पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला.

तिने तो उन्हाकडे धरला. चाकांवरून, दांड्यांवरून नजर फिरवत ती पुढे आली आणि थांबली. पांढऱ्या भोकाच्या कडेवरून तिचं बोट हळूहळू फिरलं.

"हे काय, हितं हायेत की!" ती म्हणाली. "डावा खांदा बघा, कोळसा उपसून उपसून खाली गेला व्हता. आन् टापशीचं टोक असंच, कानावर." मग तिने पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "पण दादा, तोंड कुठं गेलं?"

"मी कापलं," उपेंद्र म्हणाला. "पाच फोटो होते, मावशी. पाचही मीच कापले. मला त्यांच्या मागचा पंप हवा होता. तुकडे आता नाहीत."

कुसाबाईने पदराने पुठ्ठा पुसला.

"तुमचं तरी काय चुकलं," ती म्हणाली. "मधी उभं राहायची खोडच व्हती त्यांना. आमच्या लग्नात बी भटजीच्या पुढं उभे व्हते." आणि ती हसली. ते हसणं पाहून उपेंद्रला रडू आलं. ती रागावली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. "हा राहू द्या माझ्याकडं. एवढं तरी गावलं."

त्याने पुठ्ठा राहू दिला. घरी पोचल्यावर त्याने चपला काढल्या आणि टेबलावरचं इंजिन उचलून माळ्यावर ठेवलं. सुमेधा ताटं घेऊन आली, तर टेबल मोकळं.

"काय हो, दिसला का एकदाचा तो पंप?"

"नाही," उपेंद्र म्हणाला. "तिथे झुंबरभाऊ उभे आहेत."