वाकणाऱ्यांची ज्येष्ठता यादी

मंगळवारी सकाळी साडेदहा ते दुपारी साडेबारा या कालावधीत एकोणीस महिने वयाच्या एका मुलीला राहत्या घरी रमवण्याचे काम तिच्या सख्ख्या वडिलांकडे सोपवण्यात आले. वडील एका सरकारी कार्यालयात उपअधीक्षक होते. म्हणजे त्यांच्या हाताखाली सात माणसे होती आणि डोक्यावर चौदा. मुलीचे खरे नाव लांबलचक आणि अर्थपूर्ण होते, पण ती सगळ्या बाजूंनी सारखीच गोल असल्यामुळे घरात तिला गोटी म्हणत.

काम सोपवण्याचे कारण असे की आतल्या खोलीत गोटीच्या आईची संगणकावर मुलाखत होती. ती नकाशे काढणारी. गोटी व्हायच्या आधी तिने निम्म्या देशाच्या नद्या आणि पायवाटा कागदावर आणल्या होत्या. मग नोकरी सुटली. मागच्या महिन्यात एका ठिकाणी मुलाखत झाली, तेव्हा अकराव्या मिनिटाला गोटीने दाराबाहेर गळा काढला. समोरचे लोक गोड हसून "आम्ही कळवू" म्हणाले आणि त्यांनी काही कळवले नाही. आजची जागा वर्षातून एकदाच निघणारी होती, आणि गोटीच्या आईला ती फार हवी होती.

"तिला बागेत घेऊन जा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"बागेत कशाला? घरात काय वाघ आहे?"

"हे बघ, ती हसली तर चालेल. आपटाआपटी केली तरी चालेल. फक्त रडता कामा नये."

"अगं, अडीच हजार फायलींची शाखा सांभाळतो मी. एक पोर दोन तास सांभाळता येणार नाही?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिले. तिला काहीतरी म्हणायचे होते, पण घड्याळात साडेदहाला दोन मिनिटे कमी होती. तिने आत जाऊन दार लावून घेतले.

उपअधीक्षकांनी आदल्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेतच, रीतसर कार्यक्रमपत्रिका तयार करून ठेवली होती. ठोकळे रचणे, पंचवीस मिनिटे. चित्रांचे पुस्तक, तीस मिनिटे. चेंडू, वीस मिनिटे. कागद फाडणे, पंधरा मिनिटे. उरलेला अर्धा तास आयत्या वेळच्या विषयांसाठी राखून ठेवला होता. गोटीने ठोकळे दीड मिनिटात सोफ्याच्या मागे टाकले. पुस्तक उघडले, त्यातला हत्ती पाहिला, हत्तीबद्दल आपले मत बनवले आणि पुस्तक मिटले. चेंडू कपाटाखाली गेला. कागद फाडायला दिला तर तिने तो खाल्ला. दहा वाजून सदतीस मिनिटांनी आयत्या वेळचे विषय सुरू झाले.

उपअधीक्षकांनी तिला तिच्या उंच खुर्चीत बसवले आणि हाताला लागला तो स्टीलचा चमचा तिला दिला. खुर्चीत ती जरा घसरत होती म्हणून सोफ्यावरची उशी घडी करून खाली सरकवली. गोटीने चमचा उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला. ठण्ण. उपअधीक्षक वाकले, चमचा उचलला, तिच्या हातात दिला. गोटी हसली. साधीसुधी नव्हे, पोटापासून, खुर्ची हलेपर्यंत हसली.

'एवढंच?' उपअधीक्षकांना वाटले. 'आणि बायका याचा केवढा बाऊ करतात!'

ते चाळीस वेळा वाकले. एकेचाळिसाव्या वेळी कंबरेने निषेध नोंदवला, आणि त्याहून वाईट म्हणजे गोटी हसली नाही. तिने बापाकडे, शिळ्या वर्तमानपत्राकडे पाहावे तसे पाहिले. मग तिचा खालचा ओठ पुढे आला. गोटीचे रडणे कधी अचानक येत नसे. आधी ओठ पुढे येई, मग हनुवटी थरथरे, मग ती छाती भरून श्वास घेई. तिन्ही पायऱ्या मिळून नऊ सेकंद. या नऊ सेकंदांत काही केले नाही तर भोंगा वाजणार आणि आतली नोकरी जाणार.

"बाबा!" उपअधीक्षकांनी दबक्या आवाजात सासऱ्यांना हाक मारली.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. सकाळपासून गॅलरीत बसून होते. "मी सोबतीला आलोय, मदतीला नाही," हे त्यांनी चपला काढतानाच स्पष्ट केले होते. पण जावयाचा पांढराफटक चेहरा पाहून ते उठले. अठ्ठावीस वर्षे ज्यांनी शेकडो पोरांना ओणवे उभे केले, ते स्वतः गुडघ्यावर हात टेकून, "आई आई गं" करत, हप्त्याहप्त्याने वाकले. गोटीला एवढे हसू लोटले की तिने टाळ्या वाजवल्या.

पंचविसाव्या चमच्याला दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावर राहणारे, इमारतीच्या समितीचे अध्यक्ष दारात उभे होते. हातात लेखी तक्रार होती.

"अर्धा तास आमच्या डोक्यावर ठणठण चाललंय. काय कारखाना काढलाय की काय?"

उपअधीक्षकांनी घाईघाईने जमिनीवर सतरंजी घातली. गोटीने चमचा टाकला. आवाज आला नाही. तिने सतरंजीकडे पाहिले, बापाकडे पाहिले आणि ओठ पुढे काढला. सतरंजी तत्काळ मागे घेण्यात आली.

"साहेब, पाया पडतो, एकदा वाका," उपअधीक्षक म्हणाले. "आत बायकोच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मी तक्रार करायला आलोय!"

"मग वाकून करा!"

अध्यक्ष वाकले. निवडून आल्यापासून ते प्रथमच कुणापुढे वाकत होते, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हेच त्यांना उमजेना. आधी मान गेली, मग पोट आडवे आले, मग चष्मा पडला. गोटी श्वास अडकेपर्यंत हसली. अध्यक्ष लाजले, पण मनातून सुखावले. त्यांच्या भाषणाला आजवर एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कार्यालयातला शिपाई एक तातडीची फाईल घेऊन आला. तिच्यावर उपअधीक्षकांची सही हवी होती. फाईलचा विषय होता, 'कामकाजाचा वेग वाढवण्याबाबत', आणि ती चार वर्षे चालू होती. उपअधीक्षकांनी सही केली. तेवढ्यात उशी सरकली आणि गोटी पुन्हा घसरू लागली, म्हणून त्यांनी तीच फाईल तिच्याखाली सारली. फाईल अगदी हव्या तेवढ्या जाडीची निघाली.

"काका, तुम्ही पण उचला जरा," त्यांनी शिपायाला सांगितले.

छत्तीस वर्षे नोकरी झालेला तो माणूस. तो पाण्यासारखा वाकला, चमचा उचलला, फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. गोटी हसली तर नाहीच, पण तिला तो दिसलाही नाही.

"राहू द्या साहेब," शिपाई शांतपणे म्हणाला. "माझं वाकणं कुणाच्या नजरेस पडत नाही. तेवढ्यावरच तर आजवर नोकरी टिकली."

तेव्हा उपअधीक्षकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोटीला चमच्यात रस नव्हता. ज्याला वाकायची सवय नाही असा माणूस वाकताना पाहण्यात तिला रस होता. माणूस जितका वरच्या पायरीवरचा, तितके हसू मोठे. शोध महत्त्वाचा होता आणि त्यातून पुढचे संकट अटळ होते, कारण आता रोज वरच्या दर्जाचा माणूस लागणार होता. रोज कसला, दर वीस मिनिटांनी.

शिपाई फाईल घेऊन परतला नाही म्हणून पावणेबाराला अधीक्षक स्वतः आले.

"फाईल कुठंय?"

चौघांनी गोटीकडे बोट दाखवले.

"मग उचला तिला."

"उचललं की रडते, साहेब. एकदा वाकून बघता का? नुसतं बघा."

अधीक्षक वाकले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचे एक बटण उडाले. गोटी इतकी खूश झाली की तिने चमच्याबरोबर आपला एक मोजाही खाली टाकला. लगेच वाद उभा राहिला. पुढचा चमचा कोणाचा? अध्यक्षांचे म्हणणे, आपण लोकांनी निवडून दिलेले. अधीक्षकांचे म्हणणे, आपण राजपत्रित. मुख्याध्यापक म्हणाले की वयाचा मान म्हणून काही असतो की नाही. शेवटी शिपायाने तक्रारीच्या कागदामागे वाकणाऱ्यांची ज्येष्ठता यादी तयार केली. प्रत्येकी तीन चमचे, चढत्या क्रमाने, आळीपाळीने. वाकल्यानंतर सही करणे बंधनकारक. उपअधीक्षक तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना "हळू, हळू" करत होते.

सव्वाबाराला यादी संपली. गोटीने अधीक्षकांकडे पाहून जांभई दिली. आणि त्याच क्षणी, अधीक्षकही परतले नाहीत म्हणून, दारात साक्षात संचालक उभे राहिले. सहा फूट उंच. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी खाली पडलेले स्वतःचे पेनही उचलले नव्हते. पडले की ते नवीन मागवत.

ठण्ण.

सगळ्यांनी चमच्याकडे पाहिले, मग संचालकांकडे. गोटीनेही पाहिले. तिचा ओठ पुढे आला होता.

"साहेब, आपण..." अधीक्षक कुजबुजले.

"मी वाकू? कोणत्या नियमाखाली?"

"तोंडी विनंती आहे, साहेब."

"तोंडी चालत नाही. लेखी द्या. खालून वर येऊ द्या."

हनुवटी थरथरायला लागली. उपअधीक्षकांना त्या क्षणी बंद दारामागची बायको दिसली. लग्नाआधी ती त्यांना टेबलावर सांडलेल्या चहातून बोट फिरवून नदी कशी वळते ते दाखवत असे. तिचे ते बोट गेल्या दोन वर्षांत आपण एकदाही कशावरून फिरताना पाहिले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी शिपायाच्या हातातला कागद हिसकावला. विषय, 'चमचा जमिनीवर असल्याबाबत'. शिपायाने पुढे सरकवला, उपअधीक्षकांनी प्रस्तावित केले, अधीक्षकांनी शिफारस केली, अध्यक्षांनी ना हरकत दिली, मुख्याध्यापकांनी शुद्धलेखन तपासले आणि संचालकांनी 'पायंडा पडू नये या अटीवर मान्य' असा शेरा मारला. एकूण चार सेकंद. ज्या देशात ही गोष्ट घडली, तिथे इतक्या वेगाने कागद कधीच फिरला नव्हता.

संचालक वाकले. कंबरेतून कट्ट असा आवाज आला आणि ते तिथेच राहिले. गोटी आधी थक्क झाली. मग ती जी हसली, ती उचक्या लागेपर्यंत हसली. तिचे हसणे पाहून मुख्याध्यापक हसले, अध्यक्षांनी भिंतीला हात टेकला, अधीक्षकांचे दुसरे बटण उडाले आणि शिपायानेही छत्तीस वर्षांत प्रथमच साहेबासमोर दात दाखवले.

"साहेब, उठवू का?"

"नको, नको," खालून आवाज आला. "उसण भरलीय. पण इथून चमचा हाताशी आहे. टाकू दे तिला."

बारा एकतीसला आतले दार उघडले. गोटीची आई बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. खोलीत पाच पुरुष घामाघूम होऊन उभे होते, सहावा जमिनीपर्यंत वाकलेला होता.

"वहिनी," तो खालूनच म्हणाला, "तुमच्या यजमानांची कमाल आहे. दोन तास मूल रडलं नाही!"

"असा बाप शोधून सापडायचा नाही," अध्यक्ष म्हणाले.

"पोरी, नशीब काढलंस हो," मुख्याध्यापकांनी डोळे पुसले.

"छे, माझं एकट्याचं कसलं," उपअधीक्षक विनयाने म्हणाले. "सगळ्यांच्या सहकार्यानं झालं."

संचालकांना मुळातच कामाची आवड. त्यांनी त्याच अवस्थेत चौकशी सुरू केली. "एरवी हे काम कुणाकडे असतं?"

"माझ्याकडे," गोटीची आई म्हणाली.

"किती वेळ?"

"सकाळी ती उठल्यापासून झोपेपर्यंत."

"आणि मदतीला किती माणसं?"

तिला वाटले साहेब गंमत करतायत. "कुणी नाही," ती हसून म्हणाली.

शिपायाने मान हलवली.

"अगं, पण मुलाखतीचं काय झालं?" उपअधीक्षकांनी विचारले.

"घेतलं मला!" तिचा आवाज चिरकला. "म्हणाले, घरातून इतकं हसू ऐकू येतंय, तुमच्याकडे सगळं छान बसलेलं दिसतंय. सोमवारपासून. सकाळी दहाला."

उपअधीक्षकांनी आनंदाच्या भरात अधीक्षकांनाच मिठी मारली. जो तो टाळ्या पिटत होता. मग शिपाई सहज म्हणाला, "सोमवारी दहाला इथं कोण, साहेब?"

अधीक्षकांना सोमवारी बैठक असल्याचे आठवले. अध्यक्षांना इमारतीची पाण्याची टाकी बघायची होती. "माझे गुडघे सोमवारी फार दुखतात," मुख्याध्यापक म्हणाले आणि चपला शोधू लागले. संचालकांना दोघांनी धरून नेले, आणि ते त्याच वाकलेल्या आकारात जिन्यावरून उतरले. फाईल कुणी मागितली नाही. पाच मिनिटांत खोलीत तीनच माणसे उरली, आणि त्यातली दोघे एकमेकांकडे बघत होती.

तेव्हा वाचकहो, सोमवारची एक जागा रिकामी आहे. आपण ही हकीगत पहिल्यापासून उपअधीक्षकांच्या बाजूने वाचलीत, मध्ये एकदा 'बिचारा' असेही म्हणालात, म्हणून आपल्याला विचारतो. काय म्हणता? सोमवारी नेमके आपल्यालाही काम आहे? असणारच. आत्ता आपले मूल दुसरे कुणीतरी सांभाळत असेल, म्हणून तर एवढी गोष्ट निवांत वाचून झाली.