निळ्याच्या इंजिनाचा कॉम्प्युटर

"गुरुवारी सकाळी दहाला ट्रक चर्चच्या दारात उभा असेल, नोएला. नसला तर मला क्लेम म्हणू नकोस, मेंढरू म्हण."

सोमवारी नोएलाच्या स्वयंपाकघरात, गार झालेला चहा हातात धरून, क्लेम मिस्त्री असं म्हणाला. नोएलाचा नवरा डेस्मंड आदल्या रात्री झोपेतच गेला होता. बत्तीस वर्षं त्यानं पश्चिम क्वीन्सलंडच्या तांबड्या मातीतून गुरांनी भरलेले ट्रेलर ओढले. त्याचे केस त्या मातीहून तांबडे, म्हणून सारा मुलूख त्याला 'निळ्या' म्हणायचा. तांबड्या केसांच्या माणसाला निळ्या म्हणायचं, ही तिकडची जुनी रीत. का, ते कुणी विचारत नाही.

नोएलाचं मागणं एकच होतं. "त्याला त्या काळ्या लांबड्या गाडीतून नेऊ नका. त्याच्या ट्रकवरून जाऊ दे. त्याच्या स्वतःच्या."

अडचण अशी की त्याचा स्वतःचा ट्रक सहा आठवडे क्लेमच्या शेडमध्ये उघड्या छातीनं पडून होता. जुनं इंजिन फुटलं, म्हणून क्लेमनं टूवूंबाच्या एका भंगारवाल्याकडून दुसरं आणवलं, बसवलं, नळ्या जोडल्या, पट्टे चढवले. फक्त ते चालू होत नव्हतं. हल्लीच्या डिझेल इंजिनाची अक्कल इंजिनात नसते. ती शेजारच्या एका चपट्या डब्यात असते, आणि त्या डब्याला कॉम्प्युटर म्हणतात. जुना डबा नव्या इंजिनाला ओळख देईना. परक्या वासराला गाईनं लाथेनं झिडकारावं तसा तो दर वेळी लाल दिवा दाखवून गप्प व्हायचा. इंजिनावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर यांची पत्रिका जुळावी लागते. नाही जुळली तर संसार नाही.

त्या इंजिनाचा मूळचा डबा भंगारवाल्याकडेच राहिला होता. क्लेमनं फोन लावला. फोनवर लितिया होती. फिजीहून येऊन तिला दोन महिने झाले होते.

"निळ्याच्या इंजिनाचा कॉम्प्युटर पाठव, पोरी. उद्याच्या बसनं."

"निळ्याच्या?"

"निळ्याच्या. तुमच्या मालकाला विचार, त्याला ठाऊक आहे."

"मालक ब्रिस्बेनला गेलेत. मीच बघते." ती आवारात फिरून आली. "सापडला. पण निळा एकच आहे हं इथे."

"तेच तर म्हणतोय मी," क्लेम म्हणाला. "एकच होता."

बुधवारी दुपारी बसनं डबा आला. नियमानं त्यावरचा नंबर आधी वाचायचा असतो. पण प्लग खटकन बसला, किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन उन्हातल्या मांजरासारखं गुरगुरू लागलं, आणि क्लेमचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी चौदा आकडे कुणी वाचावेत?

गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ट्रक चर्चच्या दारात होता. धुऊन पुसून, मागे सपाट ट्रेलर जोडून. त्याच्या मागे निळ्याच्या दोस्तांचे अकरा ट्रक. पिंपरणीखाली ती काळी लांबडी गाडीही उभी होती, वेळ पडली तर असावी म्हणून. अंत्यविधीवाला तिच्या टपावरची धूळ झटकत होता.

क्लेमनं हँडब्रेक ओढला आणि खाली उतरला. सहा जणांनी शवपेटी खांद्यावर घेतली. फादर केरिगननी पुस्तक उघडलं. "हे प्रभू, या थकल्या वाटसरूला—"

आणि ट्रकनं आपण होऊन रेस घेतली.

साधीसुधी नाही. घरघर वाढत वाढत डरकाळी झाली, चर्चच्या काचा थरथरल्या, झाडावरचे गुलाबी काकाकुवे कलकलत उडाले. सहा जण पेटी खांद्यावर घेऊन जागीच थिजले.

"क्लेम, पाय काढ की," त्यांतला एक दात आवळून म्हणाला.

"पाय जमिनीवर आहेत माझे. दोन्ही."

मागच्या अकरा जणांना वाटलं, ही निळ्याला सलामी आहे. त्यांनीही रेस दिली, भोंगे दाबले. फादरांचे ओठ हलत होते, एवढंच दिसत होतं. प्रभूला कदाचित ऐकू गेलं असेल. दुसऱ्या कुणाला गेलं नाही.

क्लेमनं धावत जाऊन किल्ली बंद केली. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन फोन लावला.

"लितिया, कुणाचा डबा पाठवलास तू?"

"निळ्याचा. तुम्हीच म्हणालात."

"अगं, निळ्या म्हणजे माणूस."

"निळा माणूस?"

"निळा नव्हे, निळ्या. तांबडा आहे तो. म्हणजे होता."

 ती जपून, आजाऱ्याशी बोलावं तशी बोलली, "काका, मी आवारात निळा ट्रक शोधला. एकच होता. नगरपालिकेचा, कचऱ्याचा. इंजिन त्याच जातीचं, म्हणून मी म्हटलं, हाच असणार."

"मग ही रेस कसली?"

"तो कचरा दाबायला घेतो ना. गाडी थांबून हँडब्रेक ओढला की त्याला वाटतं, कचरा आला."

क्लेमनं टाकीच्या कडेनं पाहिलं. निळ्याची पेटी ट्रेलरवर चढली होती. कुणीतरी तिच्यावर रानातली पिवळी फुलं ठेवली होती.

"दार उघडू का?" अंत्यविधीवाल्यानं काळ्या गाडीकडे बोट दाखवत हळूच विचारलं.

क्लेमनं ट्रककडे पाहिलं. नोएला केबिनमध्ये चढून बसली होती, निळ्याच्या नाही, शेजारच्या जागेवर. मांडीवर त्याची टोपी. "निघायचं ना?" ती म्हणाली.

"नको उघडू," क्लेम म्हणाला.

दफनभूमी गावाबाहेर नऊ किलोमीटर, मध्ये एक चढण. हँडब्रेकला हात लावायचा नाही, एवढं क्लेमनं मनाशी घोकलं. पबपुढे मिनिटभर थांबायची रीत. तो पायाच्या ब्रेकवर थांबला, पबच्या मालकानं ट्रकच्या पुढच्या पट्टीवर बिअर ओतली, सगळं नीट झालं. क्लेमनं श्वास सोडला. चढणीला लागल्यावर पुढ्यातला पिवळा दिवा लागला. मग तांबडा. एकाच जातीचं इंजिन म्हणून आधी फसलेल्या कचऱ्याच्या डब्याला एव्हाना कळून चुकलं होतं की हे इंजिन आपलं नव्हे, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे आकडे भलतेच आहेत. आणि अनोळखी घरात पाहुण्यानं जपून घास घ्यावा तसं त्यानं डिझेल मोजून मोजून द्यायला सुरुवात केली. वेग चाळीस झाला. वीस झाला. मग अकरावर येऊन तिथेच राहिला.

मागे अकरा ट्रक पहिल्या गियरमध्ये कण्हत होते. धुळीतून कुणाचं तरी कुत्रं आलं, ट्रकच्या बरोबरीनं चालू लागलं, मग कंटाळून पुढे निघून गेलं.

"शंभर टन ओढायचा हा ट्रक," नोएला बाहेर बघत म्हणाली. "आणि आज एक डेस्मंड आणि एक मी. इतका जड तो कधी नव्हता रे. गेल्या नाताळात त्याच्या पँटी मी कमरेत दोन बोटं आत घेतल्या."

क्लेमला राहवेना. त्यानं सगळं सांगितलं: फोन, आवारातला निळा ट्रक, न वाचलेला नंबर. डोळे रस्त्यावर, कान तांबडे.

 नोएला बोटानं टोपीची कड फिरवत राहिली.

"म्हणजे आता हा नगरपालिकेचा ट्रक?"

"डोक्यानं, हो. कचऱ्याचा."

पुढे वळणापलीकडे दफनभूमीचं पांढरं फाटक दिसू लागलं. या चालीनं अजून दहा मिनिटं तरी.

"तीस वर्षं मागे लागले होते मी त्याच्या," ती म्हणाली. "नगरपालिकेत जागा निघाली की अर्ज आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवायचे. म्हणायचे, कचऱ्याची गाडी चालव, दुपारी तीनला घरी येशील, गरम जेवशील, पोरींना बापाचं तोंड दिसेल. तो एकच बोलायचा दर वेळी." तिनं टोपी मांडीवर सरळ ठेवली. "त्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणायचा."

क्षमा मागायला क्लेमनं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं, आणि गियर आणखी एक खाली टाकला.