आप्पांची बिनधुराची बुलेट

आमच्या मंगळवार पेठेत रोज संध्याकाळी पाचला एक साठी उलटलेला गृहस्थ बॅटरीच्या स्कूटरवर बसून तोंडानं बुलेटचा आवाज काढत येतो. "डुग्-डुग्-डुग्-डुग्!" नवखी माणसं दचकून बाजूला होतात. आम्ही घड्याळ लावून घेतो. हे माझे शेजारी, शिवाप्पा मिस्त्री. घरात ते आणि त्यांची बायको आक्का, दोघंच. साखरेच्या आजारानं आक्कांची नजर गेलेली.

तीस वर्षं आप्पांनी बुलेटी दुरुस्त केल्या. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचे. मग नदीकाठच्या गॅरेजात दोनदा महापूर शिरला. दुसऱ्यांदा चिखल उपसता उपसता आप्पा मटकन खाली बसले आणि मला म्हणाले, "मास्तर, नदीचा काय दोष न्हाय. हवा आपणच बिघडवली. जल्मभर धूरच सोडलाय की मी!"

महिन्याभरात त्यांनी स्वतःची लाडकी बुलेट विकली, छपरावर सोलर बसवलं आणि ही स्कूटर आणली. आभाळ भरलं की चार्जिंग बंद, आप्पा पायी. घरातल्या बटणावर लावा म्हटलं, तर म्हणाले, "त्या लायटीमागंबी कोळसाच जळतोय की!" पेठेनं टिंगल केली, "आप्पा, गाडी आणलाय का इस्त्री?" हा माणूस ढिम्म हलला नाही. खरं सांगतो, माझी छाती झाली नसती.

फक्त ते डुगडुगणं मला सहन होत नव्हतं. एकदा चिडून बोललोच, "एवढी हौस होती तर बुलेट विकली कशाला?" ते हसले आणि डुगडुगतच पुढं गेले.

गेल्या आठवड्यात त्यांचा घसा पार बसला. तालमीच्या कोपऱ्यावर मला थांबवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मागं बसा. घरापतूर आवाज तुमी काढा."

"याड लागलंय काय, आप्पा?"

"पैल्यांदा ही गाडी गपचिप दारात आणली, तर चोर आला म्हणून आक्का कोपऱ्यात थरथरत बसलीती. बुलेट ऐकली की च्या ठेवायची, तीस वर्सं. डोळं गेलं, आता एवढं तरी ऱ्हाऊ दे की तिचं."

मी गणिताचा मास्तर! समोर कट्ट्यावर माझेच चार विद्यार्थी बसलेले. पण नाही कसं म्हणणार? डोळे मिटले आणि घर येईपर्यंत डुगडुगलो.

आतून आक्का कडाडल्या, "कोण हाय रं त्यो? आमच्या ह्यांची बुलेट अशी न्हाय वाजत!"

आप्पांचे डोळे भरून आले. उरलासुरला आवाज गोळा करून त्यांनी एकदाच केलं, "डुग्."

आत चहाचं पातेलं वाजलं.