खिळे झाले, पण पाहिजे काय?

मंठ्यात दिगूअण्णांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेलात, तर रिकाम्या हातानं परत यायची तयारी ठेवा. "पाव किलो खिळे द्या," म्हटलं की अण्णा चष्म्यावरून बघतात. "हे खिळे झाले. पण खरं पाह्यजे काय?"

गिऱ्हाईक गडबडतं. बिचाऱ्याला खिळेच पाहिजे असतात. अण्णांच्या मते मात्र खिळ्यामागं फोटो असतो, फोटोमागं मेलेला बाप आणि बापामागं न मिटलेलं भांडण. ते बाहेर काढल्याशिवाय ते तराजूला हात लावत नाहीत. समोरचं दुकान त्यामुळे छान चालतं.

अण्णा पटकथा लिहितात. बक्षिसं मिळालेले देशोदेशीचे पिच्चर मोबाइलवर बघायचे, दर दहा मिनिटांनी थांबवायचे आणि कोणाला काय पाहिजे, आडवं कोण येतंय, हे वहीत लिहायचं. "सर, त्या म्हातारीला फकस्त एक खिडकी उघडायची हाय. दोन तास! तरी आपण जागचे हालत न्हाई. का? तिला पाह्यजे म्हंजे पाह्यजेच!" मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून त्यांचं शुद्धलेखन माझ्या गळ्यात.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका दिग्दर्शिकेनं त्यांची पटकथा वाचली. बाईंचा फोन आला. गोष्ट आवडली, पण नायकाच्या बायकोला काहीच नको असतं, ती नुसती चहा आणते. आठ दिवसांत दुरुस्त करून पाठवा, मग बघू.

अण्णांना अन्न गोड लागेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांचं लिखाण शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि आता वही कोरी. रोज शाळा सुटताना फाटकाशी उभे. "सर, बायांना काय पाह्यजे असतं?" मला काय ठाऊक! पण त्यांची तगमग बघून माझाही जीव टांगणीला लागला. शेवटी वैतागून म्हणालो, "घरी वहिनी आहेत ना? त्यांना विचारा."

अण्णांचा चेहराच उतरला. "तिला? तिला न्हाई विचारलं कधी."

सगळ्या तालुक्याला विचारून झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ते माझ्या घरी आले. वहिनी भाकरी थापत असताना त्यांनी एकदाचं विचारलं होतं, "तुला काय पाह्यजे?" वहिनींचा हात परातीतच थांबला. आदल्या आठवड्यात त्यांचं रक्त जालन्याला तपासलं होतं आणि रिपोर्ट अण्णांनीच आणला होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हनला? लपवू नका. किती दिवस हायत माझे?"

"रिपोर्ट बिलकुल चांगला हाय, सर. मी एवढंच विचारलं, तर बाईला मरण दिसलं!" अण्णा ढसाढसा रडायला लागले. माझी बायको चहा ठेवून आत गेली. मी मान वर केली नाही.

आठव्या दिवशी मी दुकानात असतानाच पुण्याचा फोन वाजला. अण्णा उठून उभे राहिले.

"न्हाई झालं, बाई. विचारलं मी तिला. ती म्हनली, आठवून सांगते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कधीपर्यंत, असंच असणार.

"तुमचा पिच्चर ऱ्हायला तरी चालंल, बाई," अण्णा हळूच म्हणाले. "पर तिला घाई न्हाई करायची. तीस वर्सांनी आठवून राह्यली ती."